पारा लाल दोऱ्याखाली

दोष गिदोन मास्तरांचा. संगमनेर, नदीकडच्या आळीतलं शेवटचं घर, दाराशी रामफळाचं झाड. माझा सख्खा मामा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, इथे करणार नाही. नाव, गाव, झाड, सगळं आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या ख्रिस्ती लोकांत दोष कुणाचा हे कधी सांगतच नाहीत. ‘देवाची इच्छा’ म्हणतात आणि चहाचं आधण ठेवतात. देवाची इच्छा काय होती मला ठाऊक नाही. मामाची ठाऊक होती. मामाला मिशनच्या बोर्डिंगचा सुपरिंटेंडंट व्हायचं होतं.

भीतीची गोष्ट रात्रीची असावी असा रिवाज आहे. माझी भर दुपारची आहे. हवा तर दिवा जवळ ओढून घ्या, पण त्या दिवशी उजेड कमी नव्हता.

साल चव्वेचाळीस, वैशाख. लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. मी कॉलेज सोडून घरी बसलो होतो. बेचाळीसच्या चळवळीत सोडलं असं मी सांगायचो आणि ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की वर्गात येणारा प्रत्येक मास्तर मला मामासारखा दिसायला लागला होता. मग मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना वगैरे करून मला नगरच्या एका दवाखान्यात सामान उचलायला लावलं. “पेटी उचलायला पदवी लागत नाही,” हे वाक्य मामाचंच.

तर पेटी.

राजूरकडच्या डोंगरात देवीची साथ आली होती. माझी थोरली बहीण कृपा राजूरलाच दिलेली, तिचा नवरा तिथे शाळामास्तर. आई गेल्यावर मला कृपानं वाढवलं. माझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, माझी पहिली विजार तिनं शिवली. आता तिच्या मांडीवर मरिया होती, अजून पालथी पडायलाही न शिकलेली, आणि शेजारच्या दोन दारांवर कडुनिंबाचे टाळे लागले होते, म्हणजे आत देवीचा आजारी. मरियाला टोचलेलं नव्हतं. राजूरची लस संपली होती.

नवी लस बेळगावहून नगरला आली आणि पुढे न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी मागून घेतलं असं म्हणा.

डॉक्टरीणबाईंनी पेटी माझ्यासमोर भरली. लाकडी पेटी, आतून जस्ताचा पत्रा. मधोमध टिनचा डबा, त्यात कापसात गुंडाळलेल्या लसीच्या काचेच्या नळ्या. डब्याभोवती बर्फ, बर्फाभोवती लाकडाचा भुसा. झाकणाला एक भोक, भोकात बूच, आणि बुचातून आत गेलेला लांब थर्मामीटर, असा की पारा बाहेरून वाचता यावा. काचेच्या दांडीला त्यांनी एके ठिकाणी लाल दोरा बांधला.

“यशया, पारा या दोऱ्याच्या वर जाता कामा नये. प्रत्येक थांब्यावर बघायचं. झाकण मात्र उघडायचं नाही, उघडलंस की ऊन आत जातं.”

“आणि पारा वर गेला तर?”

“लस जिवंत असते रे. उन्हानं मरते. मेलेली टोचली तर नुसता ओरखडा राहतो, फोड उठत नाही. लोकांना वाटतं आपण सुटलो.” मग त्या म्हणाल्या, “ते टोचलं नाही त्यापेक्षा वाईट.”

मोटारीत मी पेटी मांडीवर घेऊन बसलो. राहुरीला पारा बघितला. कोल्हारला बघितला. प्रवासी हसत होते. एका म्हातारीनं विचारलं, “पेटीत पोर हाय का रं बाबा, सारखा श्वास चालतोय का बघतोस?” मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी संगमनेर आलं. राजूरच्या वाटेवर अकोले, तिकडची मोटार सकाळी होती, म्हणून मुक्काम मामाकडे. मामानं दारातच पेटीवर हात ठेवला आणि विचारलं, “बर्फ? केवढा?” मी मूर्खासारखा हात पसरून दाखवला.

घरात धावपळ चालली होती. मुंबईहून शाळा तपासायला साहेब आले होते आणि त्या रात्री जेवायला मामाकडे होते. सुपरिंटेंडंटची जागा त्यांच्या एका शब्दावर अडली होती. मामानं पेटी माझ्या हातातून घेतली, मधल्या सारवलेल्या खोलीत गारव्याला ठेवली, आणि मला नदीवर आंघोळीला पाठवलं. “सावकाश ये,” म्हणाला. मामा मला कधी सावकाश ये म्हणाला नव्हता. तेव्हाच कळायला हवं होतं.

जेवणानंतर आंब्याचं आइस्क्रीम आलं. मामाकडे एक आइस्क्रीमचा पॉट होता. विलायतेला परत जाताना कुठल्याशा मडमेनं दिलेला, बाहेर बर्फ-मीठ भरायची लाकडी बादली, आत डबा, वर फिरवायचा दांडा. वर्षानुवर्षं तो माळ्यावर पडून असायचा, कारण संगमनेरात बर्फ कुठून येणार? त्या रात्री मामानं स्वतः दांडा फिरवला होता. बाह्या वर सरकवलेल्या, मनगटं ओली, चेहरा लाल, असा तो वाट्या वाटत होता. साहेब म्हणाले, “अशा गावात आणि असं आइस्क्रीम!” मामा असा हसला की जणू बोर्डिंगची किल्ली त्याच्या कमरेला लागलीच.

“बर्फ कुठून आणलात?” मी विचारलं.

“साहेबांबरोबर आला नाशिकहून. खा तू.”

मामी खाली मान घालून वाढत होती. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि मामाचे आभार मानले. ते आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते.

सकाळी मी पेटी उचलली. तेवढीच जड. पारा बघितला, दोऱ्याखाली होता. मधल्या खोलीत पायाला मिठाचे खडे टोचले. लोणच्याचे दिवस, मी म्हटलं सांडले असतील. निघताना मामानं मला दारात गुडघ्यावर बसवलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून प्रार्थना केली. त्याचे हात चांगले ऊबदार होते, घामेजलेले. हे लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकत नाही.

अकोल्याला मोटार पोचली तेव्हा पारा दोऱ्याला टेकला होता. मी घाई केली. राजूरला जायला छकडा ठरवला. गाडीवान कानिफनाथ नावाचा, रापलेला, पागोट्यात विडी खोचलेला. त्यानं पेटीवर ओलं गोणपाट टाकायला आपलं पिण्याचं पाणी दिलं आणि वर थट्टाही केली.

“पेटीत नवी नवरी हाय का काय पाव्हनं? लई डोकावताय.”

“लस आहे. देवीची.”

तो हसायचा थांबला. “मंग बैल हाकतो,” एवढंच म्हणाला.

ऊन चढत गेलं. मी गोणपाटावर पाणी शिंपडत होतो आणि ते शिंपडता शिंपडता वाळत होतं. पारा दोऱ्याच्या वर गेला. मी दांडीला फुंकर घातली, जणू त्यानं खाली येईल. पुन्हा बघितलं, आणखी वर. कृपाच्या पत्रातलं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं: ‘मरिया आता हाक मारली की मान वळवते.’

घाटाच्या अलीकडे रस्ता एका खोलगट जागेत उतरतो. तिथे एक दगडी चाळ होती. ठेंगणी, लांबट, अर्धी कौलं गेलेली, दारांच्या फळ्या कधीच कुणी चुलीत घातलेल्या. जुन्या एका साथीत आजाऱ्यांना गावापासून वेगळं ठेवायला बांधलेली. एका टोकाची खोली तेवढी शाबूत होती. तिथे पोचलो आणि बैलांच्या तोंडाला फेस आला. एक बैल मटकन खालीच बसला.

“हितं नगं रं राजा,” कानिफनाथ बैलाला म्हणाला, अगदी हळू. मग मला म्हणाला, “ऐन दुपारचं हितं कुनी थांबत न्हाई, पाव्हनं.”

पण बैल उठेना, आणि सावली असलेली तेवढी एकच जागा. कानिफनाथ बादली घेऊन पाणी शोधायला ओढ्याकडे गेला. मी पेटी चाळीच्या भिंतीच्या सावलीत ठेवली आणि झाकण उघडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं तरी उघडलं. पारा इतका वर होता की आता उघडण्यानं काही बिघडणार नव्हतं.

वर भुसा. भुशाखाली, टिनच्या डब्याच्या चारी बाजूंना, ओल्या फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेले प्रवरेतले गोटे.

प्रत्येक गोटा वेगळा गुंडाळलेला. वजन जुळावं म्हणून हाताळून, निवडून घेतलेले. थर्मामीटरच्या टोकापाशी तेवढा बर्फाचा एक खडा ठेवला असणार, सकाळी पारा खाली दिसावा म्हणून. त्या जागी आता बोटभर कोमट पाणी होतं. भुशात मिठाचे दोन खडे. म्हणजे मामानं हे विसरून केलं नव्हतं. विचार करून केलं होतं, तितकंच मन लावून, जितकं मन लावून तो वचनं पाठ करून घेतो. काचेत बंद आहे, लसीला काय होतंय, असं त्याला वाटलं असेल. मरिया त्याचीही नात होती. तिच्या बाप्तिस्म्याला त्यानंच सगळ्यात लांब प्रार्थना केली होती.

आणि मी दोन वाट्या खाल्ल्या होत्या.

मी तिथेच बसलो. एक गोटा उचलून भिंतीवर फेकला. आवाज झाला आणि लगेच मेला. त्यानंतर लक्षात आलं की दुसरा कुठलाच आवाज नाही. पाखरू नाही, पान नाही, बैलाच्या गळ्यातली घंटाही नाही. डोळ्यांपुढे रस्ता उन्हानं पांढराफटक पडला होता.

मग आतून आवाज आला. पाण्याच्या थेंबाचा.

टप्… मग बराच वेळ काही नाही… टप्.

वैशाखात, अर्धी कौलं नसलेल्या चाळीत. मला वाटलं आत माठ असेल, कुणी गुराख्यानं ठेवलेला. गार पाणी मिळालं तर निदान गोटे भिजवू. मी पेटी उचलली आणि शाबूत खोलीच्या दारात गेलो.

बाहेरच्या उजेडातून आत बघताना अंधार भिंतीसारखा लागतो. मी उंबऱ्यात उभा राहिलो. वास आला. आधी कडुनिंबाचा, ताज्या तोडलेल्या टाळ्याचा. त्याच्याखाली ओल्या मातीचा. आणि त्याच्याही खाली एक गोडसर, जुना, आजारी वास, जो दवाखान्यात शेवटच्या खाटेपाशी येतो. आणखी एक आवाज होता. सप्… सप्… कुणीतरी पाल्यानं वारा घालत होतं.

“कोण आहे?” मी विचारलं.

वारा थांबला.

“पेटी हितं ठिव.”

बाईचा आवाज. थकलेला, पण घाई नसलेला. आजाऱ्याच्या उशाशी अनेक रात्री काढलेल्या बायकांचा असतो तसा. कृपाचा आवाज मला गोवर आला होता तेव्हा तसा झाला होता. कदाचित म्हणूनच मी पळालो नाही.

मी वाकून पेटी आत सरकवली. उंबऱ्यापासून हातभर अंतरापर्यंत उजेडाचा पट्टा पडला होता. त्या पट्ट्यात दोन हात आले. बाकी काही दिसलं नाही. मनगटावर हिरवं गोंदण, बोटं दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली. बोटांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. टप्.

“लस हाय न्हवं?” तिनं विचारलं.

“होय.”

“मागल्या बारीला बी आलती… तापून आलती. समद्या पोरांना टोचली… आया म्हनाल्या, सुटलो.” हात पेटीवरून फिरले, तान्ह्या पोराच्या पाठीवरून फिरावेत तसे. “समदी हितंच आनली मग. माझ्याजवळ.”

माझ्या कानामागून गार घाम उतरत होता. निदान मला तो घाम वाटला.

“ही बी तापली,” ती म्हणाली. “पर अजून गेली न्हाई… धुगधुग हाय.”

“वाचेल?” माझा आवाज पोराचा झाला होता. “बाई, माझी भाची आहे तिकडे. अजून पालथीसुद्धा पडत नाही. काहीतरी करा.”

पेटीवरून फिरणारे हात थांबले.

“गारवा मोकळा न्हाई येत, बाबा… कुनाची तरी ऊब काढून घ्यावी लागती. कुनाची घिऊ?”

मी माझे हात पुढे केले. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही, कुणीही केले असते. तिनं ते घेतले नाहीत.

“तुजं नगं. दोष कुनाचा?”

इथे आमच्यातला एखादा वडीलधारा असता तर त्यानं ‘देवाची इच्छा’ म्हटलं असतं. मी म्हटलं नाही. मी म्हणालो, “गिदोन मास्तरांचा. संगमनेर, नदीकडच्या आळीतलं शेवटचं घर, दाराशी रामफळाचं झाड.”

पत्ता नीट, सावकाश सांगितला. पाकिटावर लिहावा तसा.

“बरं,” ती म्हणाली.

तिनं दोन्ही तळवे पेटीवर पसरले. खोलीतून एक झुळूक आली आणि माझ्या नडगीला लागली. महाबळेश्वरला माघात लागते तशी. मी श्वास सोडला तर तो मला दिसला. पांढरा, वाफेसारखा, आणि एक पाऊल मागे ऊन असं होतं की दगडावर पाय ठेवता येऊ नये. पेटीतले गोटे आतल्या आत करकरले. मी थर्मामीटरकडे बघितलं. पारा उतरत होता. नेहमी पारा हलताना दिसत नाही, हलून गेलेला दिसतो. हा दिसत होता. दोऱ्यापर्यंत आला, दोऱ्याखाली गेला, आणखी खाली गेला.

“जा,” ती म्हणाली. “उघडू नगंस आता.”

हात मागे गेले. अंधारात पुन्हा सुरू झालं, सप्… सप्… आणि त्याच्या आड, अगदी बारीक, बऱ्याच पोरांनी झोपेत एकदम कूस बदलावी तसं काहीतरी.

मी सलाम म्हणालो. आम्ही लोक भेटताना आणि निरोप घेताना सलामच म्हणतो, दुसरं सुचलंही नसतं.

बाहेर कानिफनाथ बादली हातात धरून उभा होता. बैल आपसूक उठले होते.

“कुनाशी बोलत हुता?”

“आत बाई आहे.”

त्यानं दाराकडे बघितलं नाही. माझ्या हातातल्या पेटीकडे बघितलं. तिच्या पत्र्याच्या कडांवर पांढरी साय धरली होती. तो छकड्यावर चढला. मला सोडून जाऊ शकला असता, गेला नाही. याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. बैल मात्र इतके पळाले की चाबूक लागला नाही. ते पेटीपासून पळत होते आणि पेटी त्यांच्या मागोमाग येत होती. घाटाच्या मध्यावर कानिफनाथानं पायाखालचं घोंगडं उचलून पाठीवर घेतलं. वैशाखातल्या दुपारी.

घाटमाथा आल्यावर तो बोलला.

“हिरवं गोंदन हुतं का?”

“हो.”

“गोजरबाई. माझी आजी सांगायची. आजाऱ्यास्नी हितं टाकून लोक जायचं, ही एकटी राह्यली. तिचा हात कपाळाला लागला की पोरं रडायची थांबायची म्हनं. लई गार हात.” त्यानं विडी काढली, पेटवली नाही. “ती कुनाला वंगाळ करत न्हाई. पर काय मागितलं का तिनं?”

“पत्ता,” मी म्हणालो.

त्यानं विडी परत पागोट्यात खोचली.

राजूरला देवी टोचणारे आसाराम म्हणून होते. त्यांनी झाकण उघडलं आणि हात मागे घेतला. गोटे एकमेकांना चिकटून एक झाले होते, वर बोटभर जाडीचा निळसर बर्फ. “गोट्यांचा बर्फ कुठल्या कारखान्यात करतात?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी टोचा.

पहिली मरिया. कृपानं तिला धरलं होतं आणि माझ्याकडे बघत होती. मी काय सांगणार होतो? पुढचे दिवस मी राजूरहून हललो नाही. त्या दंडाकडे मी जेवढं टक लावून बघितलं तेवढं कुठल्या पुस्तकाकडे बघितलं असतं तर पदवी मिळाली असती. ओरखडा लाल झाला. मग उंच झाला. एका सकाळी कृपानं हाक मारली, आणि तिच्या आवाजावरूनच मला कळलं. मोत्यासारखा, भरलेला फोड. लस जिवंत होती. मी अंगणात जाऊन रडलो. मग घाटाच्या दिशेला तोंड करून पुन्हा एकदा सलाम केला. कृपाच्या नवऱ्याला वाटलं, मला ऊन लागलं.

त्या पेटीतली लस ज्यांना ज्यांना टोचली, त्यांतलं एकही पोर गेलं नाही. मी मंडळीच्या देवळातल्या आभाराच्या प्रार्थना पुष्कळ ऐकल्या आहेत. आभार म्हणजे काय हे मला त्या खोलगट जागेत, ठिबकणाऱ्या दोन हातांपाशी कळलं.

परत येताना संगमनेरला उतरलो. रामफळाच्या झाडाखाली मामी एकटी बसली होती. तिनं सांगितलं, मी निघालो त्याच दिवशी, ऐन दुपारी, मामा पडवीत आरामखुर्चीवर पेंगत होता. ओरडला. मामी धावली. त्याचे हात मांडीवर पालथे पडलेले, पांढरे, आणि पडवीत कडुनिंबाचा वास. दारात तर कडुनिंब नाही. त्याला तातडीनं नगरला नेलं होतं.

नगरला मी त्याला भेटायला गेलो. दोन्ही हातांना पट्ट्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, “हे बर्फानं होतं. मी बर्फाच्या देशातल्या पुस्तकात वाचलंय, इथे कधी बघितलं नाही. याला बर्फ कुठे मिळाला?” मी त्यांना आइस्क्रीमचं सांगितलं. बर्फ-मिठात हात घालून बसला असेल, असं त्या म्हणाल्या आणि ते कारण त्यांना पुरलं. मला पुरलं नाही. आइस्क्रीमच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते हात माझ्या डोक्यावर होते, ऊबदार.

मामा छताकडे बघत होता. मग अगदी हळू म्हणाला, “यशया… एक बाई आली होती.”

मी खुर्ची त्याच्या खाटेजवळ ओढली.

“माझे हात धरून बसली. वाईट बोलली नाही. सोडायला तयारच नव्हती, एवढंच…” त्यानं ओठ ओले केले. “जाताना विचारलं, बर्फ आणखी कुणी खाल्ला?”

“मग?”

“तुझं नाव सांगितलं. खाल्लास ना तू? दोन वाट्या?”

“आणि साहेबांचं?”

मामा माझ्याकडे बघायला लागला. मी काही अभद्र बोललो असा चेहरा होता. “साहेबांचं कसं सांगायचं?” तो म्हणाला.

शेवटी त्याचे दोन अंगठे तेवढे राहिले. सुपरिंटेंडंटची जागा दुसऱ्याला गेली. सही करता न येणारा सुपरिंटेंडंट कोण ठेवणार? मंडळीत सगळे देवाची इच्छा म्हणाले. मला पत्ता सांगितल्याचा पस्तावा होतो का, तर नाही. मरिया आता बालवर्गात जाते, दंडावर रुपयाएवढा वण आहे. ती धावत आली की मी आधी तो वण बघतो, मग तिचा चेहरा.

तो थर्मामीटर डॉक्टरीणबाईंनी मला देऊन टाकला. लाल दोऱ्यासकट माझ्या खोलीत भिंतीला टांगलेला असतो. वैशाखात, ऐन दुपारी, बाहेर कुत्रीसुद्धा सावलीला गेलेली असताना, खोलीत कुठेतरी एक थेंब पडतो. पारा उतरायला लागतो. मी हातातलं काम ठेवतो, उठून उभा राहतो आणि सलाम म्हणतो. मनापासून म्हणतो. ती माझ्याजवळ फार वेळ बसत नाही. दोन वाट्यांपुरतीच बसते, डावा हात धरून.

माझ्या डाव्या हाताची करंगळी गेली.